वरीवर वरी

अर्ज साधाच होता. महाडच्या कचेरीत नकला मागणारे असे अर्ज दिवसाला दहा-पंधरा यायचे आणि रेकॉर्डकीपर दत्ताराम ते डोळ्यांनी कमी आणि हातांनी जास्त वाचायचा. गाव कोणतं, सर्व्हे नंबर कोणता, साल कोणतं, एवढं दिसलं की शिक्का शाईत, शाईतून कागदावर आणि कागद डावीकडच्या ढिगात. अर्जदाराचं नाव वाचायची त्याला सवय नव्हती. नावं मरतात, नंबर राहतात, असं तो नव्या कारकुनांना सांगायचा, आणि नवे कारकून नोकरीत कायम व्हायचं असल्यामुळे हसायचे. त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला ढिगातला सहावा की सातवा अर्ज त्याने उचलला, 'मौजे धारमाची, सर्व्हे नंबर एकोणऐंशी, हिस्सा चार' इथवर नजर गेली आणि शाईत टेकवलेला शिक्का त्याने उचललाच नाही. शिपायाने विचारलं, काय झालं म्हणून. काही नाही, तो म्हणाला. काही झालंही नव्हतं. बाहेर पोलादपूरची एस.टी. हॉर्न देत होती, माघातलं ऊन खिडकीच्या गजांतून आत येऊन दप्तरांवर पडलं होतं, आणि गेली एकोणतीस वर्षं जो आकडा कुणी त्याच्यासमोर काढला नव्हता तो निळ्या शाईत, बऱ्यापैकी सुवाच्य अक्षरात टेबलावर येऊन पडला होता. १९३० ते १९३६ या सालांच्या पीकपाहणीच्या नकला हव्या होत्या. आज त्याने नावही वाचलं. चांगू रायबा ढेबे, असं होतं.

रेकॉर्डखोलीत त्याला नऊ वर्षं झाली होती. पोलादपूरकडच्या गावांची दप्तरं उत्तरेच्या भिंतीला तिसऱ्या फळीवर होती, लाल फडक्यांत बांधलेली, आणि त्यातलं धारमाचीचं दप्तर त्याच्या खुर्चीपासून मोजून सात पावलांवर होतं. नऊ वर्षांत त्याने ते एकदाही सोडलं नव्हतं. सोडायची वेळही आली नव्हती. डोंगराच्या धारेवर म्हशी राखणाऱ्या पाच-सहा घरांची वाडी, तिथल्या जमिनीच्या नकला मागायला कोण येतो? वाळवीसाठी दरसाल फळ्या झाडायच्या, तेव्हा उत्तरेची भिंत तो शिपायाकडे सोपवायचा आणि स्वतः दक्षिणेच्या भिंतीला लागायचा. माणूस स्वतःशी किती सभ्यपणे वागू शकतो याला काही सुमार नाही. घरीही तसंच. एकादशीला बायको वरीचे तांदूळ शिजवायची, आणि तो म्हणायचा, मला वरीने पित्त होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच एकादशीला त्याने हे सांगितलं होतं, आणि बिचारीने तेव्हापासून त्याच्यासाठी वेगळी रताळी उकडली. त्याच्या पित्ताचा आणि धारमाचीचा काही संबंध असेल हे तिला कुठून कळणार? खरं म्हणजे त्यालाही ते धडपणे कळलेलं नव्हतं. कळू दिलं नव्हतं, असं म्हणू.

साल बत्तीस. तेव्हा तो बावीस वर्षांचा, महाडच्या पेठेत वाढलेला, मॅट्रिकला एकदा आपटून दुसऱ्यांदा पास झालेला आणि मामाच्या ओळखीने पोलादपूरकडच्या सजाला तलाठी म्हणून लागलेला. तलाठ्याचं काम कागदावर सोपं. पाऊस ओसरला की गावोगाव हिंडायचं, प्रत्येक तुकड्यावर पाय ठेवायचा, कोण कसतो आणि कोणतं पीक उभं आहे ते डोळ्यांनी बघायचं आणि वहीत उतरवायचं. खालच्या गावांतली भातखाचरं त्याने बघितलीही, बांधाबांधाने, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून. राहिली धारमाची. वर जायची वाट सरळ उभी, दोन तासांची. भादव्यात तिच्यावर शेवाळ आणि जळवा. खालच्या गावचे पोलीस पाटील गोमाजी म्हणजे मोठा दिलदार माणूस. त्यांनी पडवीत घोंगडं अंथरलं, गुळाचा चहा दिला आणि समजावून सांगितलं की वरती जाऊन करायचं काय, डोंगर काय पळून जातो? आदल्या तलाठ्याची वही समोर आहे, तेच घर, तीच माणसं, उतरवून घ्या. आदला तलाठीही शेवटी शेवटी इथे बसूनच लिहायचा, असंही ते म्हणाले. उंटावरून शेळ्या हाकायची ही रीत त्या मुलखात दत्तारामाने काढली नव्हती. त्याला ती आयती मिळाली. पडवीत बसून त्याने धारमाचीचे सगळे नंबर तासाभरात उतरवले. पागोळ्या गळत होत्या, शेजारी पाटलाच्या घरची बाई भिजवलेले पावटे सोलत होती, आणि त्याला आपण फार कार्यक्षम आहोत असं वाटत होतं. नंबर एकोणऐंशी, हिस्सा चार, कसणार रायबा ढेबे, पीक वरी. खाली सही. सहीच्या शेवटी तेव्हा तो एक शेपूट काढायचा.

दीड महिन्याने, दसरा होऊन गेल्यावर, खालच्या गावचा कुशाबा धारमाचीच्या पाणवठ्याच्या वाटेवर मेलेला सापडला. मानेत कुऱ्हाडीचा घाव होता. कुशाबाची गुरं वर चरायला जायची. त्याचा भाऊ रावजी याने सांगितलं की कुशाबाच्या गुरांनी रायबाचं उभं पीक खाल्लं, त्यावरून दोघांची बाचाबाची झाली, 'माझी वरी खाल्ली, तुला जिता ठेवनार नाय,' असं रायबा ओरडताना आपण कानांनी ऐकलं. रायबाकडे कुऱ्हाड सापडली. डोंगरातल्या कुठल्या माणसाकडे कुऱ्हाड नसते? पण सापडली. रायबाचं म्हणणं एवढंच होतं की माझं शेत औंदा पड आहे, त्यात वरीच नाही, तर खाल्ली कशी आणि भांडू कशाला? या एका वाक्यापलीकडे तो गेला नाही. त्याचा वकील सरकारने दिलेला, तरुण, शहरातला. त्याला पड म्हणजे न पेरता सोडलेलं, हेसुद्धा मध्येच विचारून घ्यावं लागलं. मग सरकारी वकिलांनी वही मागवली, तेवढं एक पान पुराव्याला लावलं आणि तलाठ्याला पिंजऱ्यात उभं केलं. दत्तारामाने नवीन कोट शिवला होता. स्वतः जागेवर जाऊन पाहणी केलीत का, असं विचारलं गेलं. आता इथे नाही म्हणायचं तर नोकरी जाणार, मामाचं नाक कापलं जाणार, आणि आदल्या तलाठ्यापासून पाटलांपर्यंत सगळ्यांची लक्तरं वेशीवर टांगली जाणार. आणि नाही म्हणून सिद्ध तरी काय होणार? शेत पड होतं हे थोडंच? होय, असं तो म्हणाला. एकच शब्द. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं की आरोपी पिकासारख्या साध्या गोष्टीबद्दलही धडधडीत खोटं बोलतो, सबब त्याच्या इतर म्हणण्यावर विश्वास ठेवण्याचं कारण दिसत नाही. रायबाला जन्मठेप झाली.

त्या निकालानंतर दत्तारामाने बदली मागून घेतली आणि पुढची सगळी वर्षं टेबलामागे काढली. झोप लागायची. जेवण जायचं. लोक म्हणतात खोटी शपथ माणसाला खाते, ते काही खरं नाही. त्याचं वजन वाढलं, दोन मुली झाल्या, त्या चांगल्या घरी गेल्या. कारण त्याच्यापाशी एक शब्द होता, 'कदाचित'. मी बघितलं नाही हे खरं, पण बघितलं असतं तर कदाचित वरीच दिसली असती. आदल्या साली होती ना? मग त्या साली का नसावी? रायबाच खोटं बोलत नसेल कशावरून? मरण दिसायला लागलं की माणूस काय वाटेल ते बोलतो. हा शब्द त्याने एकोणतीस वर्षं नीट वापरला, फार ताणला नाही, फार तपासलाही नाही. रायबा तिसऱ्या वर्षी तुरुंगातच तापाने गेला हे त्याला बाजारात कुणाकडून तरी कळलं, तेव्हा तो सुपारी कातरत होता आणि हात थांबवून पुन्हा कातरायला लागला होता. कधी पावसाळ्यात कशेडीच्या घाटात दरड कोसळली, गाड्या अडकल्या, लोक डोंगराविषयी बोलायला लागले, की छातीच्या खाली, पोटाच्या जरा वर, ओला हात ठेवल्यासारखं व्हायचं. मग तो पाणी प्यायचा.

आताही तो पाणी प्यायला आणि शिपायाला त्याने विचारलं, या अर्जाचं माणूस कोण आलंय? म्हातारी बसलीय व्हरांड्यात, शिपाई म्हणाला, पोरगा वकिलाकडे गेलाय. त्याने खिडकीतून बघितलं. म्हातारी म्हणवण्याइतकी ती म्हातारी नव्हती, पंचेचाळिशी उलटली असेल-नसेल, पण उन्हावाऱ्यात करपलेली, कपाळ मोकळं, लुगडं घट्ट कासोट्याचं, आणि ओटीत फडक्याची एक पुरचुंडी. व्हरांड्यात पाच-पन्नास माणसं ताटकळलेली असतात, ती सगळी दाराकडे बघतात. ही समोरच्या पिंपळाकडे बघत होती. खोलीचा नियम असा की नक्कल कारकुनाने उतरवायची, रेकॉर्डकीपरने ताडून सही करायची आणि अर्जदाराने चार दिवसांनी यायचं. दत्ताराम मनाशी म्हणाला, चार दिवस. चार दिवसांत ताप येऊ शकतो, रजा टाकता येते, सही दुसराही करू शकतो. हे सगळं त्याच्या मनात आलं आणि गेलं. मग तो उठला, सात पावलं चालला आणि लाल फडक्याची गाठ सोडली. गाठ सहज सुटली, आणि आपण ती घट्ट असेल असं का धरून चाललो होतो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

तिला आत बोलावून त्याने स्टुलावर बसायला सांगितलं. ती जमिनीवर बसली. साळूबाई, असं तिने नाव सांगितलं, चांगूची आई. चांगू मुंबईला गिरणीत असतो, रजा काढून आलाय. तिच्या सांगण्यातून गोष्ट कळली ती अशी, की दादला तुरुंगात गेल्यावर तीन-चार वर्षांनी ती एकोणऐंशीची पट्टी रावजीने दाबली, एकट्या बाईला कोण विचारतं? आता रावजी गेला, त्याचे मुलगे म्हणतात जमीन आमचीच, आणि वकील म्हणतो की तुझ्या बापाची वहिवाट सलग दाखव, तुरुंगात जाईपर्यंत एकही साल मोडता कामा नये, मग बघतो. म्हणून या नकला. भातखाचर नाही, काही नाही, डोंगराच्या उतारावरची दगडगोट्यांची पट्टी. पण चांगूच्या गिरणीत माणसं कमी करायला लागलेत, आणि परत यायचं झालं तर पाय ठेवायला तेवढीच आहे. हे सांगताना तिचा आवाज चढला-उतरला नाही. हा माणूस कोण हे तिने ओळखलेलं नव्हतं. ओळखणार कसं? ती कोर्टात आलीच नव्हती, आणि आली असती तरी कोटातला तो काटकुळा पोरगा या टकलाच्या आणि चष्म्याच्या मागे तिला सापडला नसता. खुद्द त्यालाही तो हल्ली सापडत नसे.

वही जुनी झाली होती पण कागद धड होता. सरकारी कागद माणसापेक्षा टिकाऊ. त्याने पान काढलं, आणि आधी दिसली ती सही, शेपूट काढलेली. हे कोण? असं क्षणभर त्याला खरंच वाटलं. साळूबाई म्हणाली, मला वाचता येत नाही, तर जरा वाचून दाखवा, म्हणजे पोराला सांगता येईल सगळी सालं आहेत का ते. वाचून दाखवायची जबाबदारी त्याच्यावर नव्हती, पण ती एवढ्या सरळपणे म्हणाली की त्याने चष्मा सारखा केला. तीस साल, कसणार रायबा, पीक नाचणी. तिने मान हलवली. एकतीस साल, कसणार रायबा, पीक वरी. तिने मान हलवली. बत्तीस साल, असं म्हणून तो थांबला, घसा साफ केला आणि उरलेलं एका दमात वाचलं, कसणार रायबा, पीक वरी. तेहतीस, पड. चौतीस, पड. तो पुढे चालला होता, पण तिची मान हलत नव्हती.

"बत्तीस परत वाचा," ती म्हणाली.

त्याने वाचलं.

"आन एकतीस?"

"वरी."

ती थोडा वेळ वहीकडे बघत राहिली. अक्षर वाचता न येणारी माणसं कागदाकडे बघतात तसं नव्हतं ते. शेताकडे बघावं तशी बघत होती.

"वरीवर वरी व्हय?" ती म्हणाली. "असं कुनी करतंय का, भाऊसाब? डोंगराची जमीन ती. पयल्या साली नाचनी, दुसऱ्या साली वरी, मंग चार सालं निजाया ठेवायची. तिसऱ्या साली बी टाकलं तर उगवनार काय, दगड? आमच्यातल्या शेंबड्या पोराला इचारा."

आता हसू येण्यासारखी गोष्ट ही, की महसूल खात्यात तीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला हे माहीत नव्हतं. कागदात पिकं असतात. ती कशामागून काय येतात आणि का येतात, हे कागदात नसतं. न्यायाधीशांना माहीत नव्हतं, दोन्ही वकिलांना नव्हतं, आणि पुराव्याला लावलं ते एका सालाचं पान, त्यामुळे आदल्या सालाशी ते कुणी ताडूनही बघितलं नाही. रायबाला तेवढं माहीत होतं, पण सगळ्या जगाला ठाऊक असलेली गोष्ट पिंजऱ्यात उभं राहून फोड करून सांगायची असते, हे त्याला माहीत नव्हतं. पड होतं म्हणजे पड होतं. दोन पिकं झाली होती, तिसऱ्या साली दुसरं काय असणार? दत्तारामाला जाणवलं ते पहिल्यांदा कानांत. खोलीतला सगळा आवाज, बाहेरचा टाइपरायटर, शिपायाचा खोकला, दूर गेला. मग पोटाच्या वरची ती ओली जागा, ती आज ओली नव्हती, कोरडी होती, अगदी रिकामी. एकोणतीस वर्षं ज्या शब्दावर पाय देऊन तो उभा होता तो शब्द या बाईने, तिला कल्पनाही नसताना, पायाखालून काढून घेतला होता. वरी नव्हती. कदाचित वगैरे काही नव्हतं. शेत पड होतं, कुशाबाच्या गुरांनी गवत खाल्लं असेल तर खाल्लं, रावजीने ऐकलेलं भांडण झालंच नव्हतं, आणि रायबा कोर्टात जे एकमेव वाक्य बोलला ते खरं होतं. आणि वहीत पुढे, छत्तीस सालापासून, कसणार म्हणून रावजीचं नाव होतं. पानं उलटत गेलं तर सात वर्षांत सगळी हकीकत दिसत होती. तीही आपल्याच ताब्यात होती, सात पावलांवर, याचं त्याला फार वाईट वाटलं.

गप्प बसता आलं असतं. जुन्या तलाठ्याची चूक, बाई, असं म्हणायचं. ते खोटंही ठरलं नसतं. ती उठून गेली असती. पेन्शनला तीन वर्षं राहिली होती, आणि खोट्या शपथेची गोष्ट कचेरीत फुटली तर तीस वर्षांच्या नोकरीचं काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? झाकली मूठ. पण गप्प बसायला आत काहीतरी असावं लागतं, आणि ते त्याला शोधूनही मिळेना.

"बत्तीस सालची पाहणी मी लिहिली," तो म्हणाला. "तलाठी मीच होतो. मी वर आलोच नाही. खाली पाटलांच्या पडवीत बसून आदल्या सालचं उतरवून घेतलं."

साळूबाईने त्याच्याकडे बघितलं. राग आला असं दिसलं नाही. एखादं वाट चुकलेलं ढोर कुणाचं आहे ते ओळखू पाहावं, तसं बघितलं.

"कोडतात बोलले ते तुमीच?"

"मीच."

तिने ओटीतल्या पुरचुंडीची गाठ सोडली, पुन्हा मारली. मग तिने सांगितलं ते त्याला विचारून नव्हे, भिंतीला सांगावं तसं. बत्तीस सालच्या फाल्गुनात तिचं लग्न झालं. धारमाचीवर तिने तोवर एक पावसाळाही काढलेला नव्हता. आषाढात पोटात पोर होतं, म्हणून भावांनी माहेरी नेलं, कशेडीच्या पलीकडे. तिथेच आश्विनात बातमी कळली, तिथेच मार्गशीर्षात चांगू झाला. भाऊ लवकर पाठवेनात. ती परत वर आली ती चैत्रात, निकाल लागून गेल्यावर, आणि तोवर उतारावरची सगळी शेतं भाजून काळी झालेली. त्यात आधी गवत होतं की वरी, कोण सांगणार? आदल्या साली कुठल्या पट्टीत काय होतं तेही तिने पाहिलेलं नव्हतं. सासू बयाबाई म्हणायची, शेत पड होतं, माझा रायबा खोटं बोलणार नाही. पण आई लेकाच्या बाजूनेच बोलणार. आणि दुसऱ्या बाजूला सरकारची वही. सरकारच्या वहीत वरी आहे, असं गावोगाव झालेलं.

"एकडाव गेले व्हते भेटाय," साळूबाई म्हणाली. "पुन्याला. पोर काखंला घेऊन. त्यानं पोराच्या डोईवर हात ठेवाया बघितला तर शिपायानं हटकला. मी त्याला तोंडावर बोलले, सरकारच्या कागदात वरी हाय, आन तू माज्याशी बी खोटं बोलतोस. कागुद खोटं बोलंल असं मला वाटलंच नाय, भाऊसाब. परत गेले नाय. मेला तवर गेले नाय."

दत्ताराम टेबलाची कड धरून उभा होता. आपल्या एका शब्दाने एक माणूस तुरुंगात गेला, हा हिशेब त्याने मनात कधी ना कधी मांडला होता, पुसलाही होता. पण तो शब्द डोंगर चढून तिच्या घरात जाऊन बसला असेल, आणि ती माणसं एकमेकांशी बोलायची थांबली असतील, हे त्याच्या स्वप्नात आलं नव्हतं. त्याला रडू येईल असं वाटलं, आणि आलं नाही, म्हणून जास्तच लाज वाटली. तो म्हणाला, मी लिहून देतो. प्रतिज्ञापत्र करतो, शेत पड होतं म्हणून. मग, तीस वर्षांची सवय कुठे जाते, त्याला पुढचा कागद दिसला आणि तेही त्याने सांगितलं. पड होतं असं मी लिहून दिलं तर रावजीचे मुलगे म्हणतील की रायबाने पट्टी बत्तीस सालीच सोडली होती. सलग वहिवाट मोडली. चांगूची जमीन जाईल. ज्या वरीने बापाला बुडवलं तीच आता मुलाला तारणार होती, आणि ही थट्टा कुणी केली म्हणावं तर खाली सही त्याचीच होती.

साळूबाईला हे एकदाच सांगून समजलं. तिने फार विचारही केला नाही.

"नक्कल हाय तशी द्या," ती म्हणाली. "जमीन पोराची हाय. कागुद आता खोटं बोलतंय तर बोलू दे, लई बोललंय. पन चांगूला तुमी तोंडानं सांगा. मी त्याला लहानपनापासून सांगत आले, तुजा बाप मारेकरी असंल-नसंल, देव जाने, पन खोटारडा व्हता, तू तसा व्हऊ नको."

नक्कल त्याने स्वतःच उतरवली. कारकुनाला बोलावलं नाही, चार दिवस थांबवलं नाही. बत्तीसच्या ओळीला हात थांबेल असं वाटलं होतं, थांबला नाही. खाली 'खरी नक्कल' म्हणून शिक्का मारला आणि सही केली, शेपूट नसलेली. तेवढ्यात चांगू आला असं शिपायाने सांगितलं. दत्ताराम म्हणाला, त्याला आत पाठव. साळूबाई उठता उठता म्हणाली, नको, बाहेरच चला. व्हरांड्यात त्या वेळी वीसएक माणसं असतील. त्याच्या नात्यातले दोन खातेदार, एक अर्जनवीस, पाणी प्यायला आलेला मामलेदारांचा शिरस्तेदार. दत्तारामाने ती सगळी बघितली. शिरस्तेदाराला तर रोज संध्याकाळी नदीकाठच्या वाटेवर भेटायचं असतं. आत बोलावलं असतं तर काय बिघडलं असतं, असं त्याला वाटून गेलं, आणि बाई का बाहेर चला म्हणते तेही कळलं. कोर्टात तरी कुठे दार लावून सांगितलं होतं? तो उंबऱ्याबाहेर आला.

चांगू एकोणतीस वर्षांचा, पँट-बुशकोट घातलेला, केसांना तेल, हातात वकिलाच्या कागदांची गुंडाळी. त्याने आईच्या हातातली नक्कल घेतली, ओळीवरून बोट फिरवत वाचली आणि खूश झाला. दत्तारामाने त्याला नावाने हाक मारली. मग सांगितलं, नेहमीच्या आवाजात, पण व्हरांडाभर ऐकू जाईल असं. बत्तीस साली तलाठी मी होतो. तुझ्या बापाचं शेत मी पाहिलं नाही. पाहिलं अशी शपथ कोर्टात घेतली ती खोटी. त्या साली तिथे वरी नव्हती. अर्जनवीसाचा टाक थांबला. शिरस्तेदाराने हातातला पेला माठावर ठेवला आणि तो ठेवल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

चांगूने आईकडे बघितलं, मग कागदाकडे, मग त्याच्याकडे. "म्हंजे बापानं खून नाय केला?"

"ते मला माहीत नाही."

"मग तुमाला मालूम काय हाय?"

"शेत पड होतं," दत्ताराम म्हणाला. "एवढंच."

चांगू काहीतरी बोलणार होता, पण साळूबाईने त्याच्या दंडावर हात ठेवला. ती दत्तारामाकडे बघत होती, आणि तिचा आवाज त्या सकाळी पहिल्यांदाच फुटला.

"तेवढंच तर इचारत व्हता तो," ती म्हणाली. "गजाआडनं. खुनाचं जाऊ दे म्हनाला, साळू, पन शेत पड व्हतं, एवढं तरी मानतेस का?"